लैलाने ‘नको’ का म्हटले नाही?

मागील अंकात दारियुश मेहरजुई यांच्या ‘लैला’ या १९९७ सालच्या इराणी चित्रपटाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. चित्रपट न पाहिलेल्यांसाठी कथा थोडक्यात सांगणे भाग आहे, आणि शेवटही सांगावा लागणार आहे, कारण निम्मी पत्रे शेवटाविषयीच आहेत. तेहरानमधील सुखवस्तू घरातील लैला आणि रेझा यांचे नुकतेच लग्न झालेले असते. लैलाला मूल होणार नाही असे तपासण्यांतून निष्पन्न होते. रेझा म्हणतो, मला मूल नको, तू हवीस. त्याच्या आईला मात्र एकुलत्या एका मुलाचा वंश पुढे चालायला हवा असतो. ती मुलाकडे न जाता सुनेला गाठते आणि रेझाच्या दुसऱ्या लग्नाला तिचा होकार मिळवते. लैला नवऱ्याबरोबर मुली पाहायलाही जाते, आणि नवी नवरी घरात येते त्या रात्री घर सोडून माहेरी निघून जाते.

प्रश्न : लैला शिकलेली आहे, तिला माहेरचा आधार आहे, नवरा तिच्या बाजूचा आहे, इतकेच काय, सासरे आणि नणंदाही या लग्नाच्या विरोधात आहेत. असे असताना ती एकदाही ठामपणे ‘नको’ का म्हणत नाही? मला तिची कीव येण्याऐवजी तिचा राग आला. (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : राग येणे मला योग्यच वाटते, आणि दिग्दर्शकालाही ते अपेक्षित असावे. लैलाभोवतीचे सगळे नेहमीचे अडथळे त्याने मुद्दाम काढून टाकले आहेत. गरिबी नाही, मारहाण नाही, हुंड्याचा तगादा नाही, अडाणी नवरा नाही. इतके सगळे दूर केल्यावरही जे उरते ते काय आहे, हा त्याचा प्रश्न आहे.

जे उरते त्याला मी भीड म्हणेन. इराणी समाजात ‘तआरोफ’ नावाचा एक रिवाज आहे. दुकानदाराला किंमत विचारली तर तो आधी म्हणतो, ‘काही नको, तुमच्यापुढे याची काय किंमत’. मग गिऱ्हाइकाने आग्रह करायचा, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर खरा आकडा बाहेर यायचा. पाहुण्याने आधी नाही म्हणायचे, यजमानाने पुन्हा वाढायचे. स्वतःची इच्छा मागे ठेवून समोरच्याला पुढे करण्याची ही रीत आहे, आणि एरवी ती मोठी लोभस आहे. तिची अडचण अशी की ती अंगवळणी पडलेल्या घरात कोणाचा शब्द खरा आणि कोणाचा शिष्टाचाराचा, हे ओळखण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. रेझा म्हणतो, मला मूल नको. सासूबाई लैलाला समजावतात की तो तुझे मन राखण्यासाठी तसे बोलतो, आतून तो झुरतो आहे. आता लैलाने कोणावर विश्वास ठेवायचा? ज्या घरात ‘नको’ म्हणजे बहुधा ‘हो’ असते, तेथे नवऱ्याचे खरेखुरे ‘नको’ही संशयास्पद ठरते. सासूबाईंना खोटे बोलावेच लागत नाही. घरातल्या बोलण्याच्या रीतीचा त्यांना उपयोग करून घेता येतो.

रेझाला मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. ‘तुझी इच्छा नसेल तर मी करणार नाही’ हे त्याचे धोरण वरवर पाहता प्रेमळ आहे, प्रत्यक्षात त्याने निर्णयाचे सगळे ओझे बायकोच्या डोक्यावर ठेवले आहे. आईला एकदा स्पष्ट नकार देण्याचे काम त्याचे होते. ते त्याने लैलावर सोपवले, आणि लैलाने ते केले नाही म्हटल्यावर तिच्या होकाराचे पालन केले. आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात. येथे आईची भीड मुलाने धरली आणि भीक बायकोच्या पदरी आली.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते तुमच्या रागाच्या मुळाशी आहे. लैला केवळ भिडेपोटी गप्प बसते असे मला वाटत नाही. ती नवऱ्याची परीक्षाही पाहते आहे. मोटारीतले प्रसंग आठवा. रेझा मुलगी पाहायला जातो, लैला बाहेर थांबते, तो परत येऊन त्या घरातल्या गमती सांगतो आणि दोघे हसतात. ती हसू शकते, कारण तिच्या मनात कोठेतरी पक्के आहे की हा शेवटच्या क्षणी माघार घेईल. तो माघार घेत नाही. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला समोरून ‘नाही’ ऐकायचे होते, आणि तेवढे ओळखण्याइतका तिचा नवरा शहाणा नव्हता. याला हट्ट म्हणा, मानीपणा म्हणा. तो लैलाचा स्वतःचा आहे, आणि त्यामुळेच ती नुसती सोसणारी सून उरत नाही.

प्रश्न : इराणच्या कायद्यात दुसऱ्या लग्नासाठी पहिल्या पत्नीची संमती आवश्यक आहे काय? नसल्यास सासूला सुनेच्या होकाराची एवढी गरज का भासावी? (वकील, नागपूर)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध चित्रपटाच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. शियापंथी फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, पुरुषाला एका वेळी चार कायम स्वरूपाच्या विवाहांची मुभा देते. मात्र १९६७ सालच्या कुटुंब संरक्षण कायद्याने दुसऱ्या विवाहासाठी न्यायालयाची परवानगी सक्तीची केली, आणि १९७५ साली त्याच्या सुधारित आवृत्तीत अशी परवानगी कोणत्या कारणांसाठी द्यावी याची यादीच घालून दिली. त्या यादीत पहिल्या पत्नीची संमती हे एक कारण होते, आणि पत्नीचे वंध्यत्व हे दुसरे. म्हणजे पुरोगामी समजल्या गेलेल्या त्या कायद्यानेही लैलासारख्या स्त्रीला या एका बाबतीत संरक्षण दिलेले नव्हते.

१९७९ च्या क्रांतीनंतर तो कायदा मागे पडला. पुढे १९८० च्या दशकात निकाहनाम्याच्या छापील नमुन्यात काही अटी घालण्यात आल्या. पतीने त्यांवर सही केली असेल, तर पत्नीच्या संमतीवाचून दुसरा विवाह केल्यास तिला स्वतः घटस्फोट घेण्याचा अधिकार मिळतो. याच अटींत अशीही एक आहे की पतीच्या दोषामुळे पाच वर्षे मूल झाले नाही, तर पत्नीला वेगळे होता यावे. २००७ साली सरकारने आणलेल्या विधेयकात पहिल्या पत्नीच्या संमतीचा मुद्दा सैल करणारे कलम होते. त्यावर इराणी स्त्रियांनी एवढा गदारोळ केला की ते कलम मागे घ्यावे लागले.

चित्रपटात कोणीही कलमे उद्धृत करीत नाही, हे खरे. पण स्त्रीला दिलेला संमतीचा हक्क घरात पोहोचल्यावर काय रूप घेतो, हे त्यात दिसते. संमती लागते, तर ती मिळवायची. आणि ती मिळवण्याचा मार्ग न्यायालयातून जात नाही, तो दूरध्वनीवरून, रोजच्या चौकशीतून, काळजीच्या सुरातून जातो. हक्क कागदावर नसता तर लैलाला निदान ‘माझ्यावर हे लादले गेले’ असे म्हणता आले असते. तिच्या होकारामुळे तेवढेही तिच्या हाती राहिले नाही.

प्रश्न : हे सगळे इराणात घडते असे म्हणून आपण सुटू शकतो का? (वाचक, मडगाव)

उत्तर : सुटू शकत नाही, आणि गोव्यातून हा प्रश्न यावा याला विशेष अर्थ आहे. पोर्तुगीज राजवटीने १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढी संहिताबद्ध केल्या. त्यांनुसार पत्नीला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा ३० व्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर पतीला दुसरा विवाह करता येत असे. त्याही मागे जायचे तर मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ‘वन्ध्याष्टमेऽधिवेद्याब्दे’ असे वचन आहे : वांझ स्त्री असल्यास आठव्या वर्षी दुसरी करावी. तिला एकामागून एक मुलीच होत असतील, तर अकराव्या वर्षी. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ च्या कायद्याने बंदी झाली, आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. त्याआधी जन्मलेल्या पिढीत ‘मोठी आई’ आणि ‘धाकटी आई’ असलेली घरे ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. त्या घरांतल्या कितीतरी मोठ्या आयांनी स्वतःच आग्रह करून सवत आणली, ही कौतुकाने सांगितली जाणारी गोष्ट असे. ‘लैला’ पाहिल्यावर ती गोष्ट तशी सांगता येत नाही.

फारसीत सवतीला ‘हवू’ म्हणतात. तो शब्द आपल्या ‘सवत’ या शब्दाइतकाच बोचरा आहे.

प्रश्न : नवरा-बायको दोघेच घरात असतानाही लैलाच्या डोक्यावरून रुमाल का उतरत नाही? इराणी बायका झोपतानाही रुमाल बांधतात काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : बांधत नाहीत. घरात, नवऱ्यासमोर तर नाहीच नाही. पण पडद्यावरची स्त्री परपुरुष प्रेक्षकांसमोर असते, असे क्रांतीनंतरच्या चित्रपटनियमांनी मानले, म्हणून शयनगृहातही तिचे केस झाकलेले दिसतात. पडद्यावरचे पती-पत्नी एकमेकांना स्पर्शही करू शकत नाहीत. अनेक दिग्दर्शकांना हे बंधन जाचले. मेहरजुई यांनी या चित्रपटात त्याचे सोने केले आहे. लैला आणि रेझा यांचे प्रेम हात हातात न घेता दाखवायचे असल्याने ते सगळे एकत्र जेवण्यात, थट्टेत आणि एकमेकांकडे पाहण्यात आणावे लागले. त्यामुळे पुढे त्या दोघांत अंतर पडते तेव्हा ते आपल्याला नजरेतच जाणवते. जाता जाता सांगतो, लैलाची भूमिका करणाऱ्या लैला हातमी आणि रेझा झालेले अली मोसफ्फा यांनी १९९९ मध्ये खरोखरच लग्न केले.

प्रश्न : चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोठ्या पातेल्यात जे पिवळे पक्वान्न शिजते, ते कोणते? (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : त्याला ‘शोले-जर्द’ म्हणतात. ‘जर्द’ म्हणजे पिवळा. आपल्या ‘जर्दा’ शब्दात तोच आहे. तांदूळ अगदी गळेपर्यंत शिजवून त्यात साखर, केशर आणि गुलाबपाणी घालतात, आणि थंड झाल्यावर वर दालचिनीच्या पुडीने नक्षी काढून बदाम-पिस्त्यांचे काप लावतात. आपल्या केशरी भातापेक्षा ते घट्ट खिरीच्या जवळचे. हे पक्वान्न बहुधा नवस फेडण्यासाठी करतात. नातेवाईक आणि शेजारी जमतात, पाळीपाळीने पातेले ढवळतात, ढवळताना मनात इच्छा धरतात आणि मग वाडगे भरून घरोघर वाटतात. लैला आणि रेझा यांची पहिली भेट अशाच एका समारंभात होते. नवसाच्या पातेल्याभोवती सुरू झालेल्या संसारात पुढे एकाच गोष्टीचा नवस उरावा, हे सुचवण्यासाठी मेहरजुई यांना वेगळा संवाद लिहावा लागला नाही.

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. चित्रपटात वैद्यकीय उपायांचा मार्ग इतक्या लवकर बंद झालेला पाहून आश्चर्य वाटले. त्या काळी इराणात टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र नव्हते काय? (डॉक्टर, पुणे)

उत्तर : होते. यझ्द शहरात १९८९ साली वंध्यत्व उपचारांचे केंद्र सुरू झाले आणि लगेचच तेथे इराणातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. तेहरानची रोयान संस्था १९९१ ची. जोडप्याच्याच स्त्रीबीज आणि शुक्राणूंपासून गर्भधारणा करण्याला धार्मिक आक्षेप फारसा नव्हता. अडचण होती ती परक्या व्यक्तीचे बीज घेण्याची. १९९९ साली सर्वोच्च नेते आयातुल्ला खामेनेई यांनी काही अटींवर त्यालाही अनुमती देणारा फतवा दिला, आणि २००३ साली मजलिसने, म्हणजे इराणच्या संसदेने, विवाहित जोडप्यांसाठी भ्रूणदानाचा कायदा केला. या क्षेत्रात पश्चिम आशियातील बहुतेक शेजारी देशांपेक्षा इराण पुढे गेला, ही बाब आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. म्हणजे ‘लैला’ आला त्यानंतर दोनच वर्षांत लैलासारख्या काही स्त्रियांसाठी एक दार उघडले.

तरीही डॉक्टर म्हणून तुम्ही एक गोष्ट मान्य कराल. दवाखान्यातल्या निदानाने लैला आणि रेझा यांचा संसार मोडत नाही. निदानानंतर ते दोघे काही काळ दुःखी होतात आणि मग पुन्हा हसू लागतात. संसार मोडतो तो निदान घरच्यांना कळल्यानंतर. उपचारांची सोय वाढली म्हणून तो दबाव आपोआप कमी होत नाही. ‘अजून एकदा करून पाहा’ हे वाक्य कोणाच्या तोंडून, किती वेळा आणि कोणाला उद्देशून येते, याचा तुमच्या दवाखान्यातील अनुभव माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक असणार.

प्रश्न : सासू इतकी दुष्ट दाखवली आहे की चित्रपट दूरचित्रवाणी मालिकेच्या पातळीवर उतरतो, असे मला वाटले. आपले मत? (वाचक, ठाणे)

उत्तर : माझे मत नेमके उलट आहे. जमीले शेखी यांनी ती सासू जशी उभी केली आहे, तशी दुष्ट सासू मालिकांत सापडणार नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टावा एकदाही येत नाही. आवाज चढत नाही. डोळे वटारले जात नाहीत. त्या सुनेशी लाडीगोडीने, एका बाईने दुसऱ्या बाईला विश्वासात घ्यावे तशा बोलतात. आपण जे करतो आहोत ते मुलाच्या आणि सुनेच्याही भल्याचे आहे, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही.

त्यांच्या बाजूने एकदा विचार करून पाहा. ज्या व्यवस्थेत बाईचे घरातले स्थान मुलामुळे ठरते, त्या व्यवस्थेत ही बाई आयुष्यभर राहिली आणि तेथे जिंकली. मुली झाल्या, मुलगा एकच झाला, आणि त्या एका मुलाने तिला या घराची मालकीण केले. तिला जे नाणे चालते हे ठाऊक आहे तेच ती सुनेच्या हातात ठेवू पाहते. नवरा आणि मुली विरोध करतात तेव्हा त्यांचे बोलणे तिच्या कानांवर पडते, पण आत शिरत नाही. या घरातले पुरुष आणि नव्या पिढीच्या बायका पुरोगामी आहेत, म्हातारीच तेवढी मागास आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या पुरोगाम्यांपैकी एकही जण मत व्यक्त करण्यापलीकडे हालचाल करीत नाही, लग्न ठरते, आणि सगळे लग्नाला हजर राहतात. मला विचाराल तर चित्रपटातला सर्वांत भेदक तपशील हा आहे.

आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो नातूही सासूबाईंना मिळत नाही. नात होते.

प्रश्न : मेहरजुई यांचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत? (वाचक, नाशिक)

उत्तर : १९६९ चा ‘गाव’ (फारसीत गाव म्हणजे गाय) आधी पाहा, घुलाम-हुसेन साएदी यांच्या कथेवरचा हा चित्रपट इराणी नवसिनेमाचा आरंभबिंदू मानला जातो. नंतर १९९३ चा ‘सारा’, जो इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकावर बेतलेला आहे. घराबाहेर पडणाऱ्या दोन बायका, सारा आणि लैला, पाठोपाठ पाहिल्या म्हणजे दिग्दर्शकाच्या मनात काय घोळत होते ते कळते. ‘लैला’ची मूळ कथा महनाझ अन्सारियान या लेखिकेची, हेही लक्षात असू द्यावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेहरजुई आणि त्यांच्या पत्नी, पटकथालेखिका वहिदे मोहम्मदीफर, या दोघांची कराजजवळच्या राहत्या घरी हत्या झाली.

प्रश्न : नवी नवरी घरात येते तो प्रसंग मला पाहवला नाही आणि मी उठून बाहेर आले. माझ्या लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत, मूल नाही. आमच्याकडे कोणी दुसऱ्या लग्नाचे बोलत नाही, सगळे चांगले आहेत, पण ओटीभरणाला मला बोलावतात आणि ओटी भरायला दुसऱ्या कोणाला पुढे करतात. पुढे काय झाले एवढेच सांगा. लैला परत जाते का? (नाव नको, सोलापूर)

उत्तर : तुम्ही उठून आलात त्यात काहीही वावगे नाही. तो प्रसंग पुन्हा पाहण्याची मलाही फारशी इच्छा होत नाही. स्वतःच आवरून ठेवलेल्या घरात, एका खोलीत बसून लैला त्या दोघांची चाहूल ऐकते, आणि दिग्दर्शक आपल्यालाही तिच्याबरोबर त्या खोलीत बसवून ठेवतो.

तुमच्या पत्रातील ‘सगळे चांगले आहेत, पण’ या शब्दांवर मी बराच वेळ थांबलो. लैलाच्या घरातलेही सगळे चांगलेच होते. तुम्हाला काय वाटते ते तुमच्या यजमानांना ठाऊक आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. ठाऊक नसेल तर त्यांना सांगा. ओटीच्या वेळी पुढे कोणी व्हायचे हे घरात बोलण्याचे काम त्यांचे आहे, तुमचे नव्हे. रेझाने जी चूक केली ती त्यांनी करू नये.

पुढे काय होते ते असे. लैला माहेरीच राहते. रेझा तिला परत बोलावतो, ती जात नाही. दुसऱ्या पत्नीला मुलगी होते, पण तो संसार टिकत नाही आणि ती मुलीला रेझाच्या घरी ठेवून निघून जाते. मुलीचे नाव बारान, म्हणजे पाऊस. काही वर्षांनी लैलाच्या माहेरी पुन्हा शोले-जर्दचे पातेले चढते आणि रेझा त्या छोट्या मुलीला घेऊन तेथे येतो. लैला त्या दोघांना वरून, खिडकीतून पाहते. आजीने एवढा आग्रह धरला नसता तर ही मुलगी जगात आलीच नसती, असा विचार तिच्या मनात येतो, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू उमटते. ती खाली उतरते की नाही, हे कळण्याआधीच चित्रपट संपतो.